शेवटच्या हाताला मेण

"रंग म्हणजे पावडर-लाली आणि जेलकोट म्हणजे कातडी!" चष्मेवाल्यांनी जाहीर केलं, आणि सांगताना चमचा असा उगारला की समोर बसलेल्या साडूने आपला पाण्याचा पेला मुकाट मागे सरकवला. "पावडर-लाली तोंड धुतलं की जाते. कातडी जाते का? बोटीला रंग कोण फासतो? ज्याला कष्ट नकोत तो! जातिवंत बोटवाला जेलकोटच चढवतो!"

हे व्याख्यान सासऱ्यांच्या घरी, सगळ्या कुटुंबासमोर चाललं होतं. व्याख्यात्यांनी आजवर ना कुठल्या बोटीला रंग दिला होता, ना जेलकोट. त्यांचं दुकान चष्म्यांचं. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ते मोबाइलवर बोटदुरुस्तीचे व्हिडिओ बघत, आणि सगळी विद्या तेवढ्यावर उभी होती. पण आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ जन्मले तेच जेलकोटच्या डब्यात!

आता जेलकोट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी लाजायचं कारण नाही. फायबरच्या बोटीवर कारखान्यातच एक जाड, रंगीत, चकाकता थर बसवलेला असतो, तो जेलकोट. बरीच वर्षं उन्हापाण्यात गेली की तो पांढुरका पडतो. मग मालकाने एकतर वरून रंग द्यायचा, नाहीतर नवा जेलकोट चढवायचा. एवढीच गोष्ट. त्यावर चष्मेवाले जेवण संपून हात वाळेपर्यंत बोलले.

सासरे ऐकत होते. हे सासरे म्हणजे जन्मभर फेरीबोट चालवलेले कप्तान. घरात, धक्क्यावर, बाजारात, सगळे त्यांना कप्तानच म्हणत. दोन्ही मुलींच्या लग्नात त्यांनी एकेक छोटी बोट दिली होती, एकाच साच्यातून निघालेल्या, अगदी जुळ्या. बोटी जुळ्या होत्या, जावई मात्र नव्हते! धाकटा जावई दंतवैद्य. त्याला कप्तान "या डॉक्टर, बसा डॉक्टर" करत. थोरल्याला हाक मारायची "अहो चष्मेवाले!" रस्त्यावरून जाणाऱ्या फेरीवाल्याला मारावी तशी. चष्मेवाल्यांना हे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून खुपत होतं, आणि खुपायचं अजून थांबलेलं नव्हतं.

त्या दिवशीही जेवण झाल्यावर कप्तान नुसते "हं" म्हणाले आणि उठून गेले. साडू मात्र गंभीर चेहरा करून बराच वेळ बसून होता.

त्यानंतर साडूने आपली बोट धक्क्यामागच्या आवारात ताडपत्रीत गुंडाळली आणि सुट्टीच्या दिवशी त्या ताडपत्रीत शिरून काहीतरी करू लागला. चष्मेवाले येता-जाता हसत. "दात काढायला शिरलाय की काय बोटीचे!" असं आपल्या बायकोला सांगत. मग एका सकाळी साडूने ताडपत्री ओढली.

चष्मेवाल्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. निळी बोट! अशी निळी, अशी गुळगुळीत, की तिच्यात बघून दाढी करावी! शेजारी लाकडी घोड्यांवर चष्मेवाल्यांची स्वतःची बोट उभी होती. कालपर्यंत ती जरा जुनी वाटायची. आज ती आजारी वाटत होती.

"आई गं! काय दिसतेय!" चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. लग्नात स्वतःच्या नवऱ्याला पाहूनही ती असं म्हणाली नव्हती.

"जेलकोट ना हो, डॉक्टर?" चष्मेवाल्यांनी घसा खाकरून विचारलं.

साडू क्षणभर अडखळला. "म्हणजे काय! जेलकोटच. तुम्हीच नाही का सांगितलं होतं?"

म्हणजे विद्या यांची आणि चकाकी त्याची! चष्मेवाल्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्याही औषधाने थांबणारं नव्हतं. रात्रंदिवस त्यांच्या डोळ्यांसमोर निळं. दुकानात एका बाईंनी तपकिरी फ्रेम मागितली तर त्यांनी निळी दिली, आणि वर "सुकलीय, हात लावून बघा" असंही म्हणाले.

त्यातच कप्तानांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी त्यांचा वाढदिवस आहे आणि ते समोरच्या बेटापर्यंत बोट घेऊन जाणार आहेत. "खांद्याचा डॉक्टर म्हणतो, आता सुकाणू बंद. त्याला सांगितलं, एकदा धरतो आणि मग सोडतो. दोघांच्याही बोटी आणून ठेवा. जी डोळ्यांत भरेल तिच्यात बसेन."

शेवटची फेरी! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात आपल्याला नावाने किंवा निदान हुद्द्याने हाक मारली नाही, तो शेवटचं सुकाणू कोणाच्या बोटीत धरणार? चष्मेवाल्यांना दुसरं काही नको होतं. कप्तानांनी आपल्या बोटीत पाय ठेवावा, सुकाणूवर हात ठेवावा आणि "वा!" म्हणावं. सगळ्यांसमोर. विशेषतः एका दंतवैद्यासमोर.

"आपणही जेलकोट करायचा," ते घरी येऊन बायकोला म्हणाले. "त्याच्याहून भारी!"

"मग विचारा की डॉक्टरांना, कसा केला ते."

"त्याला? मी? त्यापेक्षा बोट बुडवेन!" मग थोडं थांबून, आवाज उतरवून ते म्हणाले, "तू तुझ्या बहिणीला विचार. सहज. गप्पांच्या ओघात. मी विचारतोय असं कळता कामा नये."

बायकोने फोन लावला. चष्मेवाले दारामागे उभे राहिले. आपल्याच घरात चोरासारखे! फोनवर आधी आत्येबहिणीच्या सुनेचं झालं, मग कोणाच्या तरी गुडघ्यांचं झालं, मग साड्यांचं झालं. चष्मेवाल्यांनी दारामागे दोन्ही पायांवर आळीपाळीने वजन टाकलं. शेवटी बायको मुद्द्यावर आली.

"काय गं, एवढी बोट घासूनपुसून तुझ्या नवऱ्याचे हात लोण्यासारखे कसे गं राहिले? आणि बोट इतकी गुळगुळीत कशी झाली?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तेवढ्यात तिकडे दाराची घंटा वाजली आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली? शब्दन् शब्द सांग!"

"म्हणाली, शेवटच्या हाताला मेण असलं की बोट चिकट राहत नाही."

मंडळी, तुमच्या ध्यानात आलंच असेल. रंगाचा 'हात' असतो, पहिला हात, दुसरा हात, हे कुठल्याही रंगाऱ्याच्या पोराला माहीत. पण चष्मेवाल्यांना रंगच मुळात हलका वाटायचा, त्यामुळे रंगाऱ्यांची भाषाही हलकी. ते 'कोट' म्हणत. पहिला कोट, दुसरा कोट. त्यात फोनवर लोण्यासारख्या हातांचं आधी निघालेलं. तेव्हा त्यांनी हात म्हणजे हातच घेतला, आणि बोट म्हणजे हाताचं बोट!

"कुठल्या हाताला?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या."

"अगं, मला हात दोन! त्यातला शेवटचा कुठला?"

"डावाच असणार. उजवा पहिला नाही का?"

"पण साडू डावखुरा आहे! त्याचा पहिला डावा, म्हणजे शेवटचा उजवा!" चष्मेवाले येरझाऱ्या घालू लागले. "आता तिने सांगितलेला शेवटचा म्हणजे त्याचा शेवटचा की माझा शेवटचा?"

"मी पुन्हा फोन करू का?"

"खबरदार! त्याला संशय येईल. दोन्ही हातांना लावतो. विषयच संपला!" मग त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आणि मत्सर एकदमच उमटले. "बघ, काय डोकं आहे! मेणाने कातडी झाकायची, म्हणजे बोटांना काही चिकटत नाही. हात स्वच्छ, म्हणून काम स्वच्छ. व्हिडिओत एकाने सांगितलं नाही हे! आणि हा पठ्ठ्या दाबून बसला होता."

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते बोटीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार दोरीच्या वेटोळ्यांत बसून चहा पीत होता.

"निळा जेलकोट हवाय. एका माणसाच्या बोटीहून जरा जास्त निळा."

"रंग घ्या की साहेब," दुकानदार म्हणाला. "दोन डबे येतात, एकत्र करायचे, रोलर फिरवायचा, मागून हलका ब्रश ओढायचा. आपणहून सपाट होतो, चकाकी बसल्या बसल्या येते. जेलकोट दाट असतो. लावून झाल्यावर घासत बसाल, आणि मग पॉलिश करत बसाल."

"रंग म्हणजे पावडर-लाली!" चष्मेवाले म्हणाले.

"बरं. मेणवाला देऊ की बिनमेणाचा?"

चष्मेवाले दचकले. यालासुद्धा ठाऊक! म्हणजे साडूने गावभर सांगितलं आणि फक्त आपल्यापासून लपवलं! त्यांनी चेहऱ्यावर काही न दाखवता, बेफिकीरपणे हात उडवला. "बिनमेणाचाच द्या. मेण आहे माझ्या घरी."

"मग तर फारच चांगलं. फक्त लक्षात ठेवा, खालच्या हातांना अजिबात मेण नको. शेवटच्याच हाताला."

"माहीत आहे हो मला!" चष्मेवाले खेकसले आणि डबा आणि जेलकोट घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली घेऊन बाहेर पडले. घरी येईपर्यंत मात्र एकच विचार चालला होता: खालचे हात म्हणजे काय? बऱ्याच वेळाने त्यांना उलगडलं. खालचे हात म्हणजे पाय! पायांना मेण लावलं तर माणूस शिडीवरून घसरेल. बरोबर आहे! केवढा बारीक विचार केलेला असतो लोकांनी!

मग सुरू झालं काम. जुना थर घासून काढताना चष्मेवाल्यांच्या भुवया, मिशा, कानांतले केस, सगळं पांढरं झालं. त्या अवस्थेत ते दुकानात गेले तेव्हा एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांना त्यांचे वडील समजून नमस्कार केला. जेलकोटची पहिली बादली कालवताना त्यांनी हार्डनर सढळ हाताने ओतला. कमी पडून कसं चालेल? त्यांनी ब्रश बुडवला, साडूच्या बोटीकडे एक जळजळीत नजर टाकली, आणि परत वळले तोवर ब्रश बादलीत खुंटीसारखा रोवला गेला होता. ओढला तर बादलीही वर आली. दुसऱ्या बादलीला त्यांनी प्रमाण पाळलं, आणि खरं सांगायचं तर पहिला कोट बरा बसला. दुसराही बसला. निळा, दाट, जरा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, पण तो घासला की जाणारच होता.

राहिला शेवटचा. चष्मेवाल्यांनी घरून आणलेली जाडजूड मेणबत्ती वितळवून कोमट केली आणि दोन्ही हातांना मनगटापर्यंत चोपडली. बायकोने बाह्या वर धरल्या.

मेण लावलेल्या हातांनी ब्रश धरून बघा कधी! पहिल्याच फटकाऱ्याला ब्रश सुटून उडाला आणि बायकोच्या पायापाशी पडला. दुसऱ्यांदा तो बादलीत बुडाला. नाकावरून घसरलेला चष्मा वर सारायला गेले तर काचांवर मेणाचे दोन ठसे उमटले आणि जग धुक्यात गेलं.

"अहो, पुसून टाका ना ते मेण!" बायको कळवळली.

"म्हणूनच तर सगळ्यांना जमत नाही," चष्मेवाले दोन्ही पंजांत ब्रश दाबून म्हणाले. "साडू दातांची कामं करतो. त्याच्या बोटांना सवय आहे. मलाही होईल!" आणि अंदाजाने, धुक्यातून, त्यांनी शेवटचा कोट पूर्ण केला. हात मात्र खरोखर स्वच्छ राहिले. ते त्यांनी बायकोला पुन्हा पुन्हा दाखवले.

सकाळी जाऊन बोट लावून बघितलं. हाताचं बोट बोटीला चिकटलं.

"ओला आहे अजून," चष्मेवाले म्हणाले.

संध्याकाळी पुन्हा चिकटलं. दुसऱ्या दिवशी बोटीवर चिलटं चिकटलेली होती, एक पीस होतं आणि एक वाळकं पान होतं. आतून थर टणक, पण वरून चिकट तो चिकटच! इथे शहाण्या माणसाने कोणालातरी विचारलं असतं. चष्मेवाल्यांनी घरून पंखा आणला. वारा मिळाला की वाळेल, यात न कळण्यासारखं काय आहे? जेलकोटला हवा लागली की त्याचा वरचा थर मुळी सुकतच नाही, म्हणून तर शेवटच्या वेळी त्यात मेण कालवतात. ते मेण वर तरंगून येतं आणि हवा अडवतं. हे त्या बिचाऱ्यांना सांगणार कोण? पंखा घुमू लागला. वाळण्याचं नाव नाही, आणि आवारातली झाडून सगळी धूळ पंख्याने बोटीवर आणून बसवली.

शनिवारी चष्मेवाले चिमट्याने चिलटं वेचत बसले होते, तोच फाटकातून साडूचा आवाज आला.

"काय साडूभाऊ, चढला का जेलकोट?"

चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. साडूने ही बोट पाहिली तर संपलंच! बायकोने बसायला म्हणून घरून एक मोठी चादर आणली होती, मोठमोठ्या लाल फुलांची. चष्मेवाल्यांनी ती हिसकावली आणि बोटीवर फेकली. दोन्ही बाजूंनी ओढून, दाबून, नीट बसवली. दाबलीसुद्धा!

"बघू की जरा," साडू मान उंचावत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं. हावरेपणा म्हणावा तर तसं, भीती म्हणावी तर तसं.

"उद्या! कप्तानांसमोरच उघडणार!"

"चांगली सुकली ना?"

"दगड झालाय दगड!" चष्मेवाले म्हणाले आणि सवयीने बोटीला टेकायला गेले, पण वेळेवर आठवलं म्हणून मधेच हवेत थांबले.

रविवार उजाडला. कप्तान कडक इस्त्रीची पांढरी पँट घालून, जुनी टोपी चढवून आले. दोन्ही मुली, दोन्ही जावई मागेपुढे. साडूची निळी बोट पाण्यात डुलत होती. चष्मेवाल्यांची बोट घोड्यांवर, लाल फुलांच्या चादरीखाली. चष्मेवाल्यांनी मनाशी ठरवलं होतं: रात्रभरात वाळली असणारच. न वाळून करते काय?

"कप्तान," ते छाती काढून म्हणाले, "रंग फासलेल्या बोटी पुष्कळ पाहिल्या असतील तुम्ही. आता कातडी बघा!" आणि त्यांनी चादरीचं टोक धरून झटका दिला.

चादर हलली नाही.

त्यांनी दुसरा झटका दिला. चादर हलली नाही, बोट हलली.

"मी धरू का?" साडूने नम्रपणे विचारलं.

"नको!" चष्मेवाले किंचाळले आणि सगळा जोर लावून ओढलं. टर्रर्र असा आवाज झाला, चादरीची एक पट्टी हातात आली आणि चष्मेवाले पट्टीसकट मागे जाऊन बसले. मग साडू एका बाजूने, मेहुणी दुसऱ्या बाजूने, बायको मधून, असं सगळ्यांनी मिळून ती चादर सोलून काढली, केळं सोलावं तशी. खाली जी बोट निघाली ती निळी होती हे खरं. पण तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुलं उमटली होती, आणि फुलांवर खरी चिलटं बसली होती.

कप्तान पुढे झाले आणि त्यांनी बोटीवर तळहात टेकवला. तो उचलताना चट् असा आवाज झाला. त्यांनी निळा तळहात बघितला, मग जावयाकडे बघितलं.

"चष्मेवाले, मेण नाही घातलंत?"

"घातलं की!" चष्मेवाले जमिनीवरूनच ओरडले. "दोन्ही हातांना घातलं!"

"दोन्ही हातांना कशाला? दोन्हीला घालाल तर वरचा हात धरणारच नाही!"

"नाहीच धरला हो!" चष्मेवाल्यांनी जमिनीवरूनच हात जोडले. अखेर कोणालातरी कळलं होतं. "काही धरताच येईना! ब्रश सारखा निसटत होता!"

कप्तानांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ब्रश कशाला निसटेल? मेण कुठवर होतं?"

"मनगटापर्यंत!"

मग कप्तान हळूच बोटीच्या घोड्यावर टेकले आणि त्यांचे खांदे हलू लागले. दुखरा खांदासुद्धा. मेहुणीने तोंडात पदर कोंबला. बायकोने फाटक्या चादरीत तोंड लपवलं. आणि साडू! तो तर पोट धरून हसत होता! "हाताला... हाताला मेण..." म्हणत डोळे पुसत होता!

चष्मेवाले तिरीमिरीत उठले. "हसा! तुमचा जेलकोट तेवढा एका फटक्यात सुकला ना! म्हणून हसताय!"

"यांचा कुठे सुकला, भावोजी?" मेहुणी हसता हसता बोलून गेली. "यांचाही असाच चिकटला! मेण घालायचं असतं हे नंतर कळलं. तोवर माझी ओढणी गेली. मग सगळा खरडून काढला आणि सरळ रंग दिला!"

साडूचं हसणं नळ बंद करावा तसं थांबलं.

"रंग?" चष्मेवाल्यांनी पाण्यातल्या त्या निळ्या आरशाकडे बोट दाखवलं. "ही पावडर-लाली?"

"तर मग काय करणार होतो?" साडू लाल होऊन म्हणाला. "रंग कोण फासतो, ज्याला कष्ट नकोत तो! कोण म्हणालं होतं, चमचा उगारून? त्या दिवशी तुम्ही गेल्यावर कप्तान मला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, 'चष्मेवाल्यांना बोटीतलं कळतं बरं का. त्यांच्याकडून शिका.' माझ्या बाबतीत आजवर एकदा तरी म्हणालेत का असं? नुसतं 'बसा डॉक्टर, बसा डॉक्टर'! मग कोणत्या तोंडाने सांगणार होतो, की रंग दिलाय?"

चष्मेवाल्यांनी कप्तानांकडे पाहिलं. कप्तान टोपी नीट करत होते.

"म्हणालात असं?" त्यांनी विचारलं.

"म्हणालो होतो," कप्तान उठत म्हणाले. "शब्द मागे घेतो." मग ते धक्क्याच्या टोकाला गेले, साडूच्या बोटीची कड हाताने चाचपली आणि मान डोलावली. "वा! रंग झकास बसलाय. चला गं पोरींनो."

"आणि आम्ही?" दोन्ही जावई एका सुरात म्हणाले.

"तुम्ही ती फुलबाग खरडा. आणखी घट्ट बसली तर सणकून घासावी लागेल."

बोट निघाली. कप्तान सुकाणूवर ताठ उभे, दोन्ही मुली शेजारी, आणि तिघंही अजून हसत होती. काठावर दोन जावई उभे राहिले. चष्मेवाल्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण साडूही काठावरच राहिला आहे हे लक्षात आल्यावर त्या वाईटातही जरासं बरं वाटलं. साडूच्या चेहऱ्यावरून त्यालाही तसंच काहीसं वाटत असावं.

दोघांनी अॅसिटोनचा डबा, चिकटा पुसायला चिंध्या आणि खरडायला पत्र्या घेतल्या. धक्क्याकडची बाजू साडूने घेतली, आवाराकडची चष्मेवाल्यांनी. पत्र्या खरडू लागल्या. मग चष्मेवाल्यांनी सहज म्हणून पलीकडे डोकावून पाहिलं, आणि त्यांच्या हातातली पत्री थांबली. साडू जन्मभर लोकांच्या दातांवरची किटणं खरडत आलेला! पत्री अशी चालत होती, की फूल न फूल निघून खाली स्वच्छ, सारखा, टणक निळा थर उघडा पडत होता. इकडे चष्मेवाल्यांच्या बाजूला फुलं तर तशीच होती, शिवाय त्यांत खड्डेही पडले होते.

पोटात पुन्हा ओळखीची कळ उठली.

"डॉक्टर," ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्हाला तिकडे ऊन लागतंय. बाजू बदलू या."

साडू भला माणूस. बदलली त्याने. चष्मेवाले त्या स्वच्छ बाजूला येऊन उभे राहिले आणि वेळेवर आले म्हणायचे, कारण तेवढ्यात बोट परत येताना दिसली. त्यांनी शर्ट नीट केला, पत्री हातात तोलून धरली, आणि साफ झालेल्या भागावरून ती ऐटीत फिरवू लागले.

बोट जवळ आली. कप्तानांनी सुकाणूवरचा एक हात उचलून डोळ्यांवर धरला, चष्म्यातून रोखून बघितलं, आणि पाण्यावरून खणखणीत आवाज आला:

"शाब्बास, डॉक्टर! काय हात आहे! चष्मेवाले कुठे आहेत? त्यांना म्हणावं, जरा डॉक्टरांचं बघून शिका!"

"मी आहे! मी!" चष्मेवाले दोन्ही हात हलवून ओरडले. "मी चष्मेवाला!"

"ऐकू आलं हो डॉक्टर! सांगा त्यांना!"

चष्मेवाल्यांचे हात खाली आले. "यांचा चष्मा बदलायला झालाय," ते पुटपुटले. "माणूस ओळखू येत नाही यांना."

बोटीच्या पलीकडून साडूचं डोकं वर आलं.

"मागच्याच महिन्यात नवा केलाय ना त्यांनी?" तो म्हणाला. "कोणी करून दिला हो?"

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली आणि जिथे खरडायला काहीही उरलेलं नव्हतं, तिथे नेटाने खरडायला सुरुवात केली.